वानराचा दहावा

धनराज कोठावदे यांनी उभ्या आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यांनी टिपणं लिहिण्यात काढली, आणि त्या टिपणांतसुद्धा कुणाला थेट दोष दिला नाही. 'याबाबत अधिक विचार होणे इष्ट' एवढ्यावर भागवलं. अशा माणसाला निवृत्तीनंतर आपल्याकडे अख्खं गाव वानराचा खुनी म्हणून बघतंय असं वाटायची पाळी यावी, आणि तीही अंजनेरीच्या पायथ्याला, जिथं मारुतीचा जन्म झाला असं शेंबडं पोरही छातीठोकपणे सांगतं, याला नशीब म्हणायचं की भुईमूग, हे अजून ठरायचं आहे.

बहुधा भुईमूगच. सिन्नरकडच्या जमिनीतला आपला वाटा भावांना देऊन धनराजरावांनी त्र्यंबक रस्त्यापासून आत, उंबरदरी नावाच्या गावात एकरभर वावर घेतलं आणि मृगाच्या मागोमाग भुईमूग पेरला. वेल जमिनीबाहेर डोकावले न डोकावले तोच त्यांनी नाशकात इंदिरानगरच्या आपल्या सोसायटीत जाहीर केलं की यंदाच्या कोजागिरीला गच्चीवर भेळ नाही, बटाटेवडे नाहीत. घरच्या शेतातल्या, मिठात उकडलेल्या शेंगा. सोसायटीनं टाळ्या वाजवल्या. प्रतिभाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तेवढ्या म्हणाल्या, "आधी येऊ तर द्या." लग्न झाल्यापासून त्या नेमकं हेच वाक्य बोलत आल्या होत्या आणि धनराजराव नेमकं याच वाक्याकडे दुर्लक्ष करत आले होते.

शेंगा भरायला लागल्या आणि डोंगरावरून वानरांची टोळी उतरली. वानर शेंग कशी खातो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला धनराजरावांचं दुःख कळायचं नाही. तो वेल उपटतो, झटकतो, एक शेंग फोडून चाखतो, पसंत पडली तर खातो, नाही तर वेल तसाच टाकून पुढचा उपटतो. भाजीवाल्यासमोर भेंडी मोडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा सगळा उद्धटपणा त्यात असतो. टोळीचा म्होरक्या एक दांडगा, कान फाटलेला नर होता. गाव त्याला कानफाट्या म्हणे. शेजारच्या वावरात बहिरू आणि त्याची बायको अंबूबाई टोमॅटो नि वांगी लावत. अंबूबाई दिवसभर बांधावर गोफण घेऊन बसे आणि कानफाट्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. तिच्या शिव्या इतक्या ताज्या असत की धनराजराव काम सोडून ऐकत राहत.

सोसायटीतून सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरच्या मनीषाताईंनी लाल पाण्याच्या बाटल्या टांगायला सांगितल्या. वानरांनी त्या पिऊन बघितल्या. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी वाघाची डरकाळी मोबाइलवर पाठवली. ती लावल्यावर वानरं हलली नाहीत, बहिरूची म्हैस मात्र दावं तोडून गावाबाहेर गेली आणि तिला शोधण्यात सगळ्यांची दुपार गेली. शेवटी धनराजरावांनी सौर झटका मशीन बसवलं. वावराभोवती तारा, तारांना झटका, कोपऱ्यावर कवटीचं चित्र असलेली पिवळी पाटी.

बसवून देणारा म्हणाला, "सर, जिवाला धोका नाही. फक्त दचकवतं." धनराजराव शास्त्रीय वृत्तीचे. तो गेल्यावर त्यांनी खात्री करून घ्यावी म्हणून तारेला बोट लावलं, आणि दचकले ते थेट बहिरूच्या वांग्यांत जाऊन बसले. कुणी पाहिलं नाही. त्यांनी उठून धोतराला... धोतर नव्हतंच, पॅन्टला लागलेली माती झटकली, बॅटरीची वायर काढून टाकली आणि ती पुन्हा कधीही जोडली नाही.

पण हे सांगायचं कसं? रोज संध्याकाळी घरी परतण्याआधी ते डबा उघडत, खटका दाबत, गंभीर चेहऱ्यानं डबा बंद करत आणि बहिरूला ऐकू जाईल असं म्हणत, "चालू केलंय हो! जपून!" बहिरू मान हलवे. शेंगा कमी होत होत्या, पण धनराजराव सांगत की मशीन बसवल्यापासून एक वानर फिरकलं नाही. तारेला कधी कधी लाल-हिरवे धागे अडकलेले दिसत. वानरं कुणाचं तरी लुगडं पळवून आणत असावीत, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि सोडून दिला.

मग तो शनिवार उजाडला. त्या दिवशी सकाळी धनराजरावांना वेलांची एक अख्खी ओळ उपटलेली दिसली. ते तणतणत मारुतीच्या देवळापर्यंत गेले. तिथं शनिवारचा नारळ फोडायला निम्मं गाव जमलेलं. आणि सगळ्यांच्या देखत, खुद्द मारुतीसमोर, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "यातलं एखादं मेल्याशिवाय ही जात सुधारायची नाही!" देवळाची पूजाअर्चा बघणारे म्हातारे चिमाजी हातातला नारळ तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

सोमवारी कानफाट्या मेला. कुठं मेला, तर धनराजरावांच्या वावरात, आंब्याखाली, त्यांच्या तारेपासून हातभर अंतरावर.

आंब्यावरून विजेची मोठी लाइन जाते. फांदीवरून उडी मारताना त्याचा हात लाइनला लागला असणार, हे उघड होतं. निदान धनराजरावांना उघड वाटत होतं. पण भोवती गाव गोळा झालं होतं, आणि गाव आळीपाळीनं वानराकडे, पिवळ्या पाटीवरच्या कवटीकडे आणि धनराजरावांकडे बघत होतं. वनरक्षक आला. त्यानं वाकून पाहिलं, फोटो काढले आणि सरळ विचारलं, "मशीन तुमचं? चालू होतं का?"

माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो की अब्रू आणि अक्कल एकाच दारातून बाहेर पडू बघतात. धनराजरावांची अब्रू पुढे निघाली. सगळं गाव ऐकतंय या जाणिवेनं ते छाती काढून म्हणाले, "म्हणजे काय! चोवीस तास चालू असतं!"

आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

"झटक्यानं सहसा मरत नाही वानर," वनरक्षक म्हणाला. "लाइनचाच शॉक दिसतोय. तसा पंचनामा करतो." त्या 'सहसा'नं धनराजरावांचा घात केला. नोकरीभर त्यांनी स्वतः हा शब्द वापरला होता, त्यामुळे त्याच्या आत किती जागा असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मशीन बंद होतं एवढं एक वाक्य बोललं असतं तर सुटका होती. पण ते बोलायचं म्हणजे बोट लावणं, वांगी, रोजचा खटका, सगळंच बोलायचं.

तेवढ्यात अंबूबाई पुढं आली. हातातली गोफण टाकून तिनं त्या वानराच्या डोक्याला हात लावला आणि हंबरडाच फोडला. "माह्या तव्यावरची भाकर उचलून न्यायचा रे हा मुडदा! आता कोन नेईल?" धनराजरावांना वाटलं, ही चेष्टा करतेय. पण तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. बहिरूनं टोपी काढली. कुणीतरी गुलाल आणला, कुणी हार आणला, भजनाचे टाळ आले. कानफाट्याला दांड्या बांधलेल्या खुर्चीत बसवून, वर शाल पांघरून गाव निघालं, आणि पुढच्या दांडीला कुणी खांदा द्यायचा असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी वाट करून दिली ती धनराजरावांना. ज्याला गेले दोन महिने शिव्या घातल्या त्याला खांद्यावर घेऊन ते ओढ्यापर्यंत चालले. जड होता. आपल्याच शेंगा खाऊन झाला असणार, असा एक विचार मनात आला आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली.

वनरक्षकानं रीतसर जाळू दिलं. परतताना चिमाजी त्यांच्या बाजूला आले. खाली बघत म्हणाले, "सायेब, तुमच्या वावरात गेला. दहाव्याला तुमालाच बसावं लागंल. डोई आन् मिशी..." पुढचं त्यांनी हातानं सांगितलं.

डोईचा प्रश्न नव्हता, तिथं काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण मिशी! मिशी हा धनराजरावांचा एकुलता एक रुबाब होता. बदलीच्या काळात साहेबानं झापलं तरी ते मिशीवरून हात फिरवून बाहेर येत. हा निकाल आहे, त्यांना वाटलं. पोलीस नाही, कोर्ट नाही, गावानं परस्पर शिक्षा सुनावली. आणि नाही म्हणावं तर हे वावर विकून जावं लागेल, कारण पुढच्या शनिवारी या देवळासमोरून जायची हिंमत त्यांच्यात नव्हती. पुढचे दिवस ते चहाच्या टपरीवर आले की बोलणं थांबे, लोक खाली बघत. बहिरूही घाईनं वाफ्यात शिरे. कोजागिरी, शेंगा सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. आपण या गावात येत राहणार की नाही, एवढंच उरलं.

इकडे इंदिरानगरात वेगळाच घोळ झाला. 'दहावा आहे, मिशी काढावी लागणार' हे धनराजरावांनी फोनवर सांगितलं तेव्हा प्रतिभाताई जिन्यात होत्या, फोन स्पीकरवर होता, आणि जिन्यानं ते सगळ्या मजल्यांना सांगितलं. मनीषाताई पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात आल्या.

"कोण गेलं हो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"शेताकडचे होते," प्रतिभाताई म्हणाल्या. दुसरं काय सांगणार?

"वय झालं होतं?"

"नक्की माहीत नाही. तसे धडधाकट होते."

"आजारी?"

"नाही, अचानक. शॉक लागून."

"अरेरे. मागे कोण आहे?"

"मोठा परिवार आहे," प्रतिभाताई म्हणाल्या आणि डबा घेऊन आत गेल्या. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या श्रद्धांजलींची रांग लागली. धनराजरावांनी ती वाचली आणि 'आभारी आहे' असं लिहून टाकलं. खोटं एकदा सुरू झालं की त्याला कुठल्या तरी ठिकाणी पूर्णविराम द्यावा लागतो, आणि ते ठिकाण काही केल्या त्यांना सापडत नव्हतं.

दहावा नेमका पितृपक्षात आला. ओढ्याच्या काठावर न्हाव्यानं आधी त्यांच्या डोक्यावरून रिकामा वस्तरा फिरवला आणि मग मिशीकडे वळला. गार वारा वरच्या ओठाला पहिल्यांदाच लागला तेव्हा धनराजरावांनी डोळे मिटून घेतले. चिमाजींनी भाताचा पिंड दगडावर ठेवला. वर दोन शेंगाही ठेवल्या. गाव मागं सरकलं. आता कावळा शिवला की झालं. पलीकडे मोठ्या पातेल्यांत सगळ्या गावाचं जेवण तयार होतं, पण कावळा शिवल्याशिवाय पान वाढायचं नाही.

कावळा येईना.

"पितृपक्ष हाय," बहिरू आभाळाकडे बघत म्हणाला. "समदे कावळे नाशकात रामकुंडावर. तिथं आग्रह असतो. इथं कोन येतंय?"

वेळ गेला. उन्हं चढली. चिमाजी धनराजरावांजवळ येऊन म्हणाले, "इच्छा राहिली असंल त्याची. काय तरी कबूल करा."

माणसाच्या दहाव्याला 'मुलीचं लग्न करून देऊ', 'आईला सांभाळू' असं म्हणतात. वानराला काय म्हणायचं? धनराजरावांनी घसा साफ केला आणि पिंडाकडे बघत म्हणाले, "भुईमुगाची एक ओळ... तुमच्या लोकांना."

कावळा नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "येकच?"

"बरं, आंब्याखालचा तुकडा." नाही. "बांधाला लागून सगळ्या ओळी." नाही. कोजागिरीची गच्ची त्यांच्या डोळ्यांसमोर आली, टाळ्या वाजवणारे हात आले. त्यांनी डोळे घट्ट मिटून सांगितलं, "अर्धं वावर. ओढ्याकडचं अर्धं. हात लावणार नाही." गावातून दाद आल्यासारखा आवाज आला. पण झाडावर पानही हललं नाही. पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. अंबूबाई जवळ आली आणि सहज बोलावं तसं बोलली, "तुमच्याच मनात काय राहिलंया का हो?"

त्या प्रश्नानं धनराजरावांचा बांध फुटला. मिशी गेली होती, त्यामुळे सांभाळण्यासारखं फार काही उरलंही नव्हतं. ते गावाकडे तोंड करून उभे राहिले. "मी त्याला मारलं नाही," ते म्हणाले. "मशीन बंद होतं. पहिल्याच दिवशी मला झटका बसला, मी बहिरूच्या वांग्यांत पडलो. तेव्हापासून ते कधी चालूच केलं नाही. लाजेपायी खोटं बोललो."

बहिरूच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. धनराजरावांना वाटलं तो रडतोय. तो हसत होता. मग बायका हसल्या, मग पोरं, मग खुद्द चिमाजी तोंडाला उपरणं लावून.

"सायेब, मशीन बंद हाय हे आमाला म्हाईत नसंल व्हय?" बहिरू म्हणाला. "ही रोज तुमच्या तारंवर धुणं वाळत घालती!"

"नऊवारी तिथंच नीट वाळतं," अंबूबाई पदरात तोंड लपवत म्हणाली. "लांब हाय ना तार. गोधड्या पन."

ते लाल-हिरवे धागे धनराजरावांच्या डोळ्यांपुढून गेले. "मग... मग मला शिक्षा कशाची?"

"शिक्षा?" चिमाजी गोंधळले. "शिक्षा कसली? ज्याच्या वावरात जाईल त्यानं बसायचं, आसं हाय आपलं. गेल्या साली बहिरूच्या हिरीत एक पिल्लू पडलं, तवा त्यो बसला. त्याच्या अगुदर मी. आमी तं इतके दिवस येकच इचार करीत व्हतो, शेहरातला मानूस, येवढी मिशी, ती काढाया सांगितली, आता याच्याशी बोलायचं कुन्या तोंडानं? कुनाची जीभच रेटंना."

"दगड समदेच मारतो आपन, भाऊ," अंबूबाई म्हणाली. ती आता हसत नव्हती. "पोटापायी मारावाच लागतो. पर मग कुनी तरी बसाया नको का?"

टपरीवरची शांतता, खाली घातलेल्या माना, वाफ्यात शिरणारा बहिरू, सगळं धनराजरावांच्या मनात उलटंपालटं झालं. आपल्याला गुन्हेगार समजून नव्हे, तर घरचा समजून हे लोक इतके दिवस संकोचत होते. त्यांना एकदम रडू आलं आणि ते लपवायला मिशीही नव्हती.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. सगळे वळले. दगडावरचा पिंड फोडलेला होता, वरच्या दोन्ही शेंगा गायब होत्या. हसण्याच्या गडबडीत कावळा कुणीच पाहिला नव्हता. करंजाच्या झाडात मात्र काहीतरी करड्या रंगाचं हललं.

"कावळाच का?" कुणीतरी शंका काढली.

"कुनी तरी शिवलं ना?" चिमाजी म्हणाले. "वाढा पानं."

कोजागिरी जवळ आली तसे धनराजराव पोतं घेऊन काढणीला गेले. अर्धं वावर दिलं होतं, पण बांधाकडचं अर्धं आपलं होतं, आणि गच्चीपुरत्या शेंगा त्यात नक्की होत्या. जाऊन बघतात तर बांधाकडचं अर्धं वावर साफ. एक वेल जाग्यावर नाही. आणि ओढ्याकडचं अर्धं, कबूल केलेलं, जसंच्या तसं. हिरवंगार. एका पानाला धक्का नाही.

त्यांनी एक वेल हळूच उपटून पाहिला. शेंगांचा घोस लोंबत वर आला, टपोरा, मातीचा वास येणारा. आजूबाजूला कुणी नव्हतं. बहिरू बाजारात गेला होता. पोतं हातात होतं. गच्चीवर सगळी सोसायटी येणार होती आणि ज्याला शब्द दिला तो तर राख होऊन ओढ्यात गेला होता. धनराजराव बराच वेळ तो वेल धरून उभे राहिले. मग त्यांनी तो होता त्या जागी अलगद आडवा ठेवला आणि पोतं घडी घालून काखेत मारलं.

पण प्रश्न सुटला नाही. ओल होती, आणि शेंगा आणखी काही दिवस जमिनीत राहिल्या तर तिथंच कोंब फुटून वाया जाणार होत्या. ज्यांच्यासाठी सोडल्या ते तर आंब्यावर स्वस्थ बसून एकमेकांच्या उवा बघत होते. धनराजराव बांधावर बसले. वाट पाहिली. मग उठून त्यांनी आंब्याकडे हात केला. "या रे!" ते म्हणाले. "तुमचंच आहे. या ना!" टोळीनं माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उवा बघायला घेतल्या. त्यांनी शेंग फोडून खाऊन दाखवली. काही उपयोग झाला नाही.

अंबूबाई झटका मशीनच्या तारेवर गोधडी पसरत होती. तिथूनच ती ओरडली, "आवं भाऊ, तुमी घरी जा बरं! मानूस बसल्यावर कसे येतील ते?"

तेही खरंच होतं. धनराजराव उठले, स्कूटर सुरू केली आणि गावाबाहेरच्या वळणावर थांबून मागे पाहिलं. आंब्यावरून एक पिल्लू उतरलं, थांबलं, इकडेतिकडे बघून ओढ्याकडच्या वेलांत शिरलं. त्याच्या मागून त्याची आई उतरली, आणि मग एकेक करून सगळा परिवार. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"निघालात का?" प्रतिभाताई विचारत होत्या. "शेंगा किती आल्या? मोठं पातेलं काढू की लहान?"

"मनीषाताईंना सांग, येताना मार्केटातून शेंगा आणा," धनराजराव म्हणाले. त्यांचा हात सवयीनं वरच्या ओठाकडे गेला. तिथं नव्यानं उगवलेलं थोडं खरखरीत काहीतरी हाताला लागलं.

"आणि आपल्या शेतातल्या?"

"आपल्याकडे पंगत बसलीय," ते म्हणाले. "त्यांचं होऊ दे आधी."